डाव्या हाताचे दार

या जगात बिघडलेले कुलूप अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो माझा साडू निघाला. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान धुळ्याला राहतात. कुलपे, कड्या, खटके आणि हँडले दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय आहे, असे मी पूर्वी लोकांना सांगत असे. हे त्यांच्या कानावर गेले की ते दुखावत. त्यांच्या मते दुरुस्ती माणसाची करायची असते. कुलूप मग आपोआप सुधारते. "कुलूप खराब नही शे, साडूभाऊ," ते म्हणत, "हात घाईमा शे." एरवी ते चारचौघांसारखे शुद्ध मराठी बोलतात, पण विषय कुलपाचा निघाला की त्यांच्या तोंडी अहिराणी येते. कुलपाला दुसरी भाषा समजत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

त्यांच्या लग्नाची हकीकत आमच्या सासुरवाडीला अजून सांगितली जाते. मुलगी पाहायला ते चाळीसगावला आले. पोहे आले, मुलगी आली, तिने मान खाली घालून नाव सांगितले, आणि वर पाहिले तर मुलगा जागेवर नव्हता. तो माजघराच्या दाराशी उकिडवा बसून कडी आणि कोयंडा यांच्यातील अंतर बोटाने मोजत होता. ती कडी कित्येक वर्षांत लागलेली नव्हती. दाराला आतून पाटा टेकवून ठेवण्याची घराला सवय झाली होती. मुलाने खिशातून बोटभर कानस काढली, कोयंड्यावर चार हात फिरवले आणि कडी लावून दाखवली. सासऱ्यांनी अदबीने विचारले, "मग, पसंत आहे ना?" उत्तर आले, "पसंत आहे. फक्त वरच्या बिजागरीला तेल पाहिजे." हे उत्तर नेमके कशाविषयी होते, याचा खुलासा त्यांनी आजतागायत केलेला नाही. ते आपल्याविषयीच होते असे धरून माझी मेहुणी गेली चाळीस वर्षे संसार करीत आहे.

आमच्याकडे जळगावला आले की ते हातपाय धुण्याच्या आधी घरातली सर्व दारे एकदा उघडून मिटत. प्रकृतीची चौकशी नंतर. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत लोकांनी टाकून दिलेले खटके, स्प्रिंगा आणि चौकोनी दांड्या धुतलेल्या कापडाच्या पुरचुंड्यांत बांधलेल्या असत, आणि शिवणयंत्राचे तेल डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलेले असे. एकदा माझ्या वडिलांनी त्या बाटलीतले दोन थेंब डोळ्यात घातले. धावपळ झाली, डोळे धुतले, डॉक्टर येऊन गेले. सर्व शांत झाल्यावर साडूंनी वडिलांच्या जवळ बसून हलक्या आवाजात विचारले की पापणी आता पूर्वीपेक्षा सैल चालते का. वडिलांनी थोडा विचार करून, चालते, असे सांगितले.

मात्र त्यांची खरी ख्याती होती ती त्यांच्या एका रिवाजाबद्दल. दार पाहिल्याबरोबर ते हत्यार काढत नसत. ते दार रोज वापरणाऱ्या प्रत्येकाला ते पुढे बोलावत, स्वतः बाजूला उभे राहत आणि म्हणत, "उघाडी दखाडा." म्हणजे उघडून दाखवा. घरातली लहानथोर, गडीमाणसे, मालक, कोणालाही सूट नसे. माणूस कोणत्या हाताने हँडल धरतो, दाबतो की ओढतो, खांदा लावतो की पाय, हे ते टक लावून पाहत आणि मग, "हं, कळलं," असे म्हणून खाली बसत. धुळ्याच्या एका कापडाच्या दुकानात दोन भाऊ भागीदार होते. दुकानाच्या काचेच्या दाराचे हँडल दर दोन महिन्यांनी निखळे. साडूंनी दोघांना अकरा वेळा दार उघडायला लावले आणि निदान केले की थोरले दार आतून ओढतात, धाकटे तेच दार त्याच वेळी बाहेरून ओढतात, आणि दोष दाराचा नसून भागीदारीचा आहे. हँडल त्यांनी बसवून दिले. दुकानाची वाटणी पुढच्या दिवाळीला झाली.

हे सारे मी आजवर बैठकीत हसत हसत सांगत आलो आहे. त्यापुढची हकीकत मात्र कधी सांगितली नाही. ती सांगितल्यावाचून हे व्यक्तिचित्र अपुरे राहील, आणि मीही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या कार्यालयात पहिला संगणक आला. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधली गेली. धूळ आणि ऊन आत येऊ नये म्हणून तिच्या खिडक्यांना आणि दाराला दुहेरी काचा बसवल्या. चौकटीसह सारे मुंबईहून आले. जळगावच्या मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत असताना, त्या दारापलीकडे माघ महिना असे. आत जाण्याची परवानगी फक्त यंत्र चालवणाऱ्या कर्मचाऱ्याला होती. सकाळी काचा पुसण्यासाठी सुपडू नावाचा शिपाई जाई. तो असोद्याहून सायकलने येत असे, सात वर्षे रोजंदारीवर होता, आणि त्याला कायम करण्याचा कागद त्या महिन्यात साहेबांच्या टेबलावर होता. खोलीची जादा किल्ली मात्र कार्यालयाचा हेडक्लार्क म्हणून माझ्या खणात असे. दुपारच्या सुट्टीत, सर्वजण डबा खायला गेले की, मी आत जाऊन पंधरा मिनिटे बसत असे. चपला काढून, डोळे मिटून. दुसरे काहीही करीत नसे. हे मी बचाव म्हणून सांगत नाही; माझा अपराध किती लहान होता आणि त्याला मी किती मोठा होऊ दिला, हे कळावे म्हणून सांगतो.

एके दुपारी साहेबांची जीप वेळेआधी आवारात शिरल्याचा आवाज आला. मी उठलो, दाराचे हँडल घाईने पण आवाज होऊ नये अशा बेताने पिळले, आणि हाताखाली काहीतरी कट्‌ झाले. दार उघडले. मी बाहेर पडून ते मिटून घेतले आणि जागेवर येऊन बसलो. अर्ध्या तासाने ओरड झाली. बाहेरचे हँडल गरगर फिरत होते आणि खटका जागचा हलत नव्हता. आत यंत्र चालू होते.

साहेबांनी सर्वांसमोर सुपडूला विचारले. तो म्हणाला, "मी तं काच पुसतो साहेब, दाराले जोर कायले लावू?" साहेबांनी खिडकीकडे बोट दाखवले. काचेवर धुरकट डाग होता. हा डाग महिनाभर तुला पुसता येत नाही आणि दारे मात्र मोडता येतात, असे ते म्हणाले, आणि त्यांनी तो टेबलावरचा कागद खणात टाकला. मुंबईचे कारागीर तीन आठवडे येऊ शकत नव्हते. काच फोडण्याचा विचार चालू असताना मीच साडूंचे नाव सुचवले. का सुचवले, याचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही. त्यांचा रिवाज मला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते पेटी घेऊन आले. दुहेरी काच त्यांनी जन्मात प्रथमच पाहिली. कान लावला, टिचकी मारली, पुन्हा कान लावला. मग प्रसन्न होऊन मला म्हणाले की या दोन काचा साडूंसारख्या आहेत: एकाच चौकटीत बसवलेल्या, तोंडे एकमेकांकडे, आणि मध्ये थोडी हवा, ती हवा तेवढी कोरडी राहिली पाहिजे. खिडकीवरचा डाग पाहून त्यांनी साहेबांना समजावले की वाफ दोन काचांच्या मध्ये शिरली आहे, ती कोणाच्याच फडक्याने पुसली जाणार नाही. साहेबांनी मान डोलावली. घड्याळाच्या स्प्रिंगेची पातळ पट्टी फटीत सरकवून सात-आठ मिनिटांत साडूंनी खटका मागे घेतला आणि दार उघडले. काचेला ओरखडा नव्हता. मग हँडल उतरवून आतली तुटलेली चौकोनी दांडी त्यांनी उजेडात धरली, तिला पडलेला पीळ पाहिला आणि नेहमीच्या सवयीने बोलून गेले, "डावा हात शे."

साहेब पुढे झाले. गुन्हेगार सापडणार म्हणून त्यांना एकदम उत्साह आला आणि त्यांनी सर्व कार्यालयाला रांगेत बोलावले. साडूंनी पेटीतली दुसरी दांडी घालून हँडल बसवले आणि बाजूला उभे राहिले. "उघाडी दखाडा." सर्वप्रथम साहेबांनी उघडून दाखवले, आपला हात निर्दोष आहे हे सिद्ध झाल्यावर ते समाधानाने मागे सरले. मग एकेक कर्मचारी येऊ लागला. ओळख परेड चालल्यासारखे सर्व गंभीर होते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी डावरा आहे. लहानपणी वडिलांनी लिहिणे आणि जेवणे उजव्या हाताने करायला शिकवले, त्यामुळे कचेरीत कोणाला त्याची कल्पना नव्हती. दारे मात्र मी डाव्या हातानेच उघडतो. कार्यालयातल्या माणसांनी मला आयुष्यभर लिहिताना पाहिले होते. साडूंनी मला दारे उघडताना पाहिले होते.

माझी पाळी आली. मी उजवा हात पुढे केला. हँडल सवयीचे नसल्यासारखे दोनदा निसटले, मग उघडले. साडू माझ्या हाताकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. "हं, कळलं," हे ते म्हणाले नाहीत.

शेवटी सुपडू आला. उजव्या हातात फडके होते. ते खाली ठेवण्याचे त्याला सुचले नाही. त्याने डावा हात पुढे केला आणि दार उघडले.

"सापडला," साहेब म्हणाले.

सुपडू माझ्याकडे पाहू लागला, कारण हेडक्लार्क म्हणून त्याच्या बाजूने बोलणे माझ्याकडे होते. मी टेबलावरचा टाचण्यांचा डबा सरळ केला. एक वाक्य पुरे होते. ते माझ्या तोंडापर्यंत आले होते, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण तोंडापर्यंत आलेल्या वाक्याचा कोणाला उपयोग नसतो.

तेव्हा साडू शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, मी चुकलो. ही हाताची खूण नाही. मालच कच्चा आहे."

आत्ताच तर डावा हात म्हणालात, असे साहेबांनी विचारले. वय झाले, नजर फसली, असे साडूंनी सांगितले. मग एवढा तमाशा कशाला केलात, असे साहेब म्हणाले, आणि हसले. त्यांच्या पाठोपाठ सर्व कार्यालय हसले. साडू खाली मान घालून पेच आवळत राहिले. तमाशा हा शब्द त्यांच्या रिवाजाला त्यापूर्वी कोणी लावला नव्हता. कागद खणातून पुन्हा टेबलावर आला, आणि पुढच्या महिन्यात सुपडू कायम झाला.

मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. धुळ्याची गाडी लागेपर्यंत ते पेटीवर हात ठेवून बसले होते. गाडी आली तेव्हा उठता उठता म्हणाले, "आजलोंग मी कुलूपना सामने खोटं बोलनू नव्हतू, साडूभाऊ." त्यात राग नव्हता. एखादे हत्यार हरवल्याचे सांगावे तसे ते सांगत होते. मी त्यांची पेटी वर चढवून दिली. डाव्या हाताने.

त्या दिवसानंतर त्यांनी कोणालाही दार उघडून दाखवायला सांगितले नाही. बोलावणे आले की जात, हँडल उतरवत, नवे बसवत आणि निघत. धुळ्याचे लोक खूश झाले. कापडवाल्या दोघा भावांची आता दोन दुकाने होती. दोघेही म्हणत, आता कसे झटपट काम करतात, पूर्वी किती वेळ खात असत. मेहुणीला तेवढे वाटे की यांचे काहीतरी दुखते आहे, पण काय ते सांगत नाहीत. मला ते माहीत होते. एका माणसाजवळची त्याची स्वतःची अशी एकमेव गोष्ट मी पंधरा मिनिटांच्या गारव्यासाठी खर्चून टाकली होती. आम्ही लग्नकार्यांत भेटत राहिलो, एकमेकांकडे तोंड करून बसत राहिलो. पण मध्ये वाफ शिरली होती, आणि ती कोणत्याही बाजूने पुसता येत नव्हती.

सुपडूला मी अजून काही सांगितलेले नाही. तो आता मोठ्या साहेबांच्या दारावर असतो आणि दुपारी हाती येईल ते वाचत बसतो. हे छापून आले तर तोही वाचेल. वाचावे.

गेल्या वर्षी आम्ही जळगावला लहानसे घर बांधले. पुढचे दार बसवायला दुसरा कोणी बोलवायचा नाही, असा पत्नीचा हट्ट होता. साडू आले. डोळ्यांना आता जाड भिंगे आहेत, पेच बोटांनी चाचपून लावतात. दोन तास ते दाराशी एकटेच बसले होते. मी चहा घेऊन गेलो तेव्हा काम संपले होते, आणि ते पेटी मिटून भिंतीला टेकून उभे होते. मी दाराकडे पाहिले. बिजागऱ्या नेहमीच्या बाजूला नव्हत्या. दार उलट्या अंगाला उघडत होते, आणि हँडल माझ्या डाव्या हाताशी आले होते.

"उघाडी दखाडा," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला आणि डावा हात पुढे केला. ते टक लावून पाहत होते. दार आवाज न करता उघडले. मी ते मिटले आणि, कोणी सांगितले नसताना, पुन्हा एकदा उघडून दाखवले.

"हं," ते म्हणाले. "कळलं." आणि मग त्यांनी चहा मागितला.

येणारे पाहुणे त्या दाराशी हमखास अडखळतात. दार उलटे बसले आहे, असे मला समजावून सांगतात. मी होकार देतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या वरच्या बिजागरीला मी दोन थेंब तेल घातले. त्याची गरज नव्हती. बाटली डोळ्यांच्या औषधाची आहे. ती साडू विसरून गेले, की ठेवून गेले, हे मी त्यांना विचारलेले नाही.