गाडीतळाच्या पलीकडे

बस वेरूळच्या गाडीतळावर लागली आणि आमची सगळी मंडळी पाण्याच्या बाटल्या, टोप्या, गुडघ्यांचे पट्टे सावरत लेण्यांकडे निघाली. एक उंच, काळेसावळे गृहस्थ तेवढे मागे राहिले. त्यांनी बसभोवती एक फेरी मारली, प्रत्येक चाकाला चपलेने हलकेच ठोकून पाहिलं आणि मग चालकाच्या खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "उतर. तुझं पन तिकीट काढलंय."

चालक संकोचला. "नको काका, तुम्ही या जाऊन. मी गाडीतच पडतो जरा."

"सगळी नोकरी मी पन हेच म्हनत आलो. उतर."

हे जनार्दन राऊत. आम्ही त्यांना जनूभाऊ म्हणायचो. चिंचणीच्या बाजूला त्यांची लहानशी चिकूची वाडी होती आणि पालघरहून ते एस.टी. चालवून निवृत्त झाले होते. मी टेलिफोन खात्यातून सुटल्यावर आम्ही काही जणांनी बोईसरला साठीपुढच्यांचं सहल मंडळ काढलं. नुसतं देवदर्शन नको. लेणी, जुनी शहरं, तिथलं गाणंबजावणं पाहायचं, असं ठरलं होतं. जनूभाऊ नाव द्यायला आले तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, तुमचं तर सगळं बघून झालं असेल."

"वेरूळला कितींदा गेलोय, ताय. गाडीतळ जाम बरा हाय तिथला. सावली हाय, नळाला पानी हाय. त्याच्या पुढचं म्हायत नाय."

शाळांच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं, सगळ्यांना त्यांनी ठिकठिकाणी पोचवलं होतं. लोक आत जात, हे गाडीत आडवे होत. रात्रभर परत गाडी हाकायची असे. "लोक बाहेर यायचे ते तोंडं उजळून यायचे," ते सांगत. "मला वाटायचं, आत हाय तरी काय असं?"

त्या दिवशी कैलास लेण्याच्या चौकात ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले. डोंगर वरून खाली खोदत आणला, असं गाईड सांगत होता. जनूभाऊंनी विचारलं, "आनि मधेच एक घाव चुकला असता तर?" गाईड हसला, म्हणाला, "चुकून चालणार नव्हतं." जनूभाऊ शेजारी उभ्या असलेल्या चालकाच्या खांद्यावर हात ठेवून नुसतं म्हणाले, "बग. आपन याच्या बाहेर झोपत होतो."

त्यानंतर त्यांनी एकही सहल चुकवली नाही. गुडघे कुरकुरायचे. मग हृदयात दोन स्टेंट बसले. कोणी जपायला सांगितलं की म्हणत, "गाडी डेपोत उभी केली म्हनून नवी ऱ्हाते काय? उभी गाडी जास्त गंजते."

मग हंपी झाली. आमच्यातले चुरीसर सकाळचा नाश्ता करून लॉजच्या अंगणात खुर्चीवर बसले आणि बसल्याबसल्या गेले. सर पत्नीला, चुरीबाईंना, घेऊन आले होते. शववाहिका ठरवली. बाईंबरोबर मी निघाले, तर जनूभाऊ पिशवी घेऊन पुढे चालकाशेजारी जाऊन बसले. त्यांची अर्धी हंपी पाहायची राहिली होती. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "एवढ्या लांबच्या रस्त्याला गाडीवाला एकटा नको. डोळा लागतो." बोईसर येईपर्यंत ते त्या कानडी चालकाशी मोडक्या हिंदीत बोलत राहिले. त्याची मुलंबाळं, त्याचं गाव, त्याच्या गाडीचा क्लच. स्वतः डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

महिन्याभराने सगळ्यांची मुलं एका सोसायटीच्या हॉलमध्ये जमली. सहली बंद करा, असं त्यांचं म्हणणं. सर्वांत तावातावाने बोलला तो जनूभाऊंचा मुलगा निलेश. तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. "या वयात हौस कसली? टीव्हीवर सगळं दिसतं घरबसल्या. उद्या कोणाला काही झालं तर धावायचं कोणी?"

जनूभाऊ उठले. "निलेश, गेल्या वर्साला गावातली जी मानसं गेली, ती कुठं गेली रे? घरात. पलंगावर. मग पलंगावर निजायला पन बंदी घालूया."

काही जण हसले. चुरीबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आज कोणतं देऊळ, असं विचारता विचारता सर गेले. माझी तक्रार नाही."

तरी धसका होताच. पंचाहत्तरीपुढच्या माणसाला मुलांचा होकार असेल तरच न्यायचं, असं समितीने ठरवलं. सचिव मी, फोन करणं माझ्याकडे आलं. जनूभाऊंनी पंचाहत्तरी ओलांडली होती आणि निलेशने साफ नाही म्हटलं. मुलगा वाईट नव्हता. बापाला स्टेंट घातले तेव्हा इस्पितळाच्या बाकावर तोच बसून होता. ती भीती त्याच्या आवाजात मला ऐकू आली.

पुढची सहल गुजरातची होती. मोढेऱ्याचं सूर्यमंदिर, पाटणची वाव, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरायची कोरीव विहीर. सकाळी बोईसरच्या नाक्यावर बस उभी, आणि जनूभाऊ आपल्या जागेवर आधीच बसलेले. मी काही बोलणार तोच निलेश मोटारसायकलवरून आला. रात्रपाळीहून थेट, अंगात कंपनीचा गणवेश.

"बाबा, खाली उतरा."

"नाय."

"काही झालं तर लोक मला विचारतील."

"सांग, बापानं ऐकलं नाय. खरंच हाय ते. खरं सांगायला लाज कसली?"

"आणि मला काय वाटेल ते?"

जनूभाऊ म्हणाले, "तुला वाईट वाटंल. मला ठावं हाय. पन तुला वाईट वाटू नये म्हनून मी किती दिवस घरात बसून ऱ्हाऊ?"

निलेश माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमच्या मंडळाचा नियम आहे ना? उतरवा त्यांना."

सगळी बस माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "नियम आम्ही घाबरून केला, निलेश. मी त्यांना उतरवणार नाही." आणि चालकाला दार लावायला सांगितलं.

पाटणच्या वावेत जनूभाऊ एकेक पायरी करत, जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत खाली उतरले. एका हाताला आमचा चालक होता. वर यायला त्यांना फार वेळ लागला. मी काठावर उभी राहून मनातल्या मनात निलेशला उत्तरं देत होते. वर आल्यावर धापा टाकत ते म्हणाले, "नुसतं पानी काढायचं होतं, तरी केवढं सजवलंय. कंटाळा केला नाय कोनी."

त्यानंतर आणखी दोन वर्षं ते आमच्याबरोबर हिंडले. गेले ते दुपारी, वाडीतल्या झोपाळ्यावर, जेवून पान लावताना. तेराव्याला कोणी नातेवाईक म्हणाला, "बरं झालं, घरी होते." निलेश पंगतीत वाढत होता. हातातलं भांडं खाली ठेवून तो म्हणाला, "घरी होते म्हणून वाचले का?" आणि पुन्हा वाढू लागला.

तो होकाराचा नियम आम्ही काढून टाकला. यंदा मला पंचाहत्तर पूर्ण झाली. ओडिशाची सहल ठरली, तसा पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, एवढ्या लांब? निदान विचारायचंस तरी आम्हाला."

मी म्हटलं, "विचारत नाहीये गं. सांगतेय."