सुधींद्र रावांची शनिवारची खोली

सुधींद्र रावांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि त्याचा ताप सगळ्यांत जास्त त्यांनाच. निवृत्त होईपर्यंत ते अंबत्तूरच्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचे. वेस्ट मांबलमच्या घरातही त्यांनी फळीवर छोटा सर्व्हर ठेवला होता. दर शनिवारी संध्याकाळी पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरकडे राहिलेली चार-पाच मराठी म्हातारी माणसं आपापल्या मोबाइलवरून त्यावरच्या बोलायच्या खोलीत जमायची आणि जुन्या मराठीत गप्पा मारायची. घरोघरी मुलं-नातवंडं तमिळ बोलणारी. मराठी उरली होती ती एवढ्यापुरतीच.

पत्नी कमलिनी गेली आणि हे बंद पडलं. पुन्हा सुरू करताना रावांनी दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली, कारण जुनी सारखी तुटायची. जुनीही राहू दिली. सर्व्हरला आता दोन पत्ते झाले. नवा पत्ता सगळ्यांना कळवला, घरातल्या मोबाइलवरून लावून पाहिला. छान चालला.

शनिवारी कोणी आलं नाही. पुढच्याही शनिवारी नाही. एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण नाही! बायकोबरोबर आपणही यांच्या लेखी मेलो, असं ठरवून हे गृहस्थ गाल फुगवून बसले. तिकडे नवा पत्ता लागेना, तेव्हा मंडळींना वाटलं, दुःखात आहेत, वर्ष होईपर्यंत त्रास नको. शहाणपणाला दोन्हीकडे तोटा नव्हता.

शेवटी एका शनिवारी राव सर्व्हर कायमचा बंद करायला बसले. जुन्या सवयीने आधी काय येतं-जातं ते स्क्रीनवर पाहिलं. नव्या पत्त्यावर कोणीतरी हाक मारत होतं. थांबून पुन्हा, थांबून पुन्हा. एकच मोबाइल. सर्व्हर दरवेळी उत्तर देत होता, पण जुन्या लाइनीने, आणि पत्ता आपला नाही म्हणून जुनी कंपनी ते फेकून देत होती. घरातला मोबाइल सर्व्हरच्या शेजारचाच, त्याला बाहेर जायची गरजच नव्हती, म्हणून तपासताना चूक दिसली नव्हती.

जन्मभर लोकांच्या असल्याच चुका काढलेल्या माणसाला स्वतःची लाज वाटली. नव्या पत्त्यावर आलेल्याला नव्याच लाइनीने उत्तर द्यायचं, एवढा नियम त्यांनी लिहिला. घाईत दोनदा चुकला.

हेडफोनमध्ये तांबरमच्या विशालाक्षी अक्कांचा आवाज आला. ऐंशी ओलांडलेल्या अक्का बोलतच होत्या. "...डोळ्यांत औषध घातलें. पाणी येतेंच. नात कनका विचारते, तें तमिळांत..."

"अक्का, मी सुधींद्र. कोणाशी बोलतां?"

"अय्यो! आहेस कीं रे? तुजशींच. दर शनिवारीं बोलतें."

"मी उत्तर देत नव्हतों तरी?"

"मग काय करूं? घरांत माझी मराठी कोण ऐकतें?"

इतक्या शनिवारांचं ते बोलणं अक्कांच्या मोबाइलबाहेर कधी पडलंच नव्हतं.

"अक्का, पहिल्या शनिवारापासून सांगा. मी ऐकतों."

"तें अस्कं, सगळेंच, विसरलें रे," अक्का म्हणाल्या. "आजचें सांगूं?"