सात नंबरचा सूर

गोकुळ खडोलीच्या एका सूत कारखान्यात ऑपरेटर आहे. गुळगुळीत पॉलिस्टर धागा तापवायचा, त्याला पीळ द्यायचा आणि फुगवायचा, हे त्याचं काम. सात नंबरचं मशीन वीस वर्षं त्याच्याकडे आहे. उरलेल्या वेळात तो आमलीतल्या आपल्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. पन्नास वर्षांपूर्वीचं विलायती रॉक. त्यातले शब्द त्याला कळत नाहीत. ‘माणूस एवढा जीव काढून ओरडून राहिला, म्हणजे खरंच असेल,’ एवढंच तो म्हणतो.

गिटार वापीतल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची. तिच्याबरोबर ॲम्प्लिफायर आणि कॅसेटचं खोकं आलं. लाकडाचा रंग जुन्या गुळासारखा. तिचा पट्टा त्याने वाया गेलेल्या सुताचा विणला आहे, आणि ती पुसायचं मऊ फडकं वेगळं ठेवलं आहे. सरिता, त्याची बायको, ते चिमटीत धरून बाजूला ठेवते.

‘सवतीचा टॉवेल,’ म्हणते.

ॲम्प्लिफायर तो इतका चढवतो की सूर कडेने चरचरतो. ‘सूर फाटला पाहिजे, तुटला नाही पाहिजे,’ हे त्याचं शास्त्र. ते त्याला कोणी शिकवलेलं नाही. धाग्याने शिकवलं असावं.

पण वीस वर्षांत त्याने माणसांबरोबर कधी वाजवलं नव्हतं. फक्त कॅसेटबरोबर. आपल्या मागे कोणीतरी ड्रम वाजवावा, ही एवढीच इच्छा तो मनात धरून होता. म्हणून आशिषसाहेबांनी कँटीनमध्ये विचारलं, तेव्हा त्याचा चहा निवून गेला. आशिष पुण्याचा, प्रॉडक्शन इंजिनिअर; ड्रम वाजवायचा. प्रयोगशाळेतली रसिका कीबोर्ड वाजवायची आणि गायची. त्यांचा गिटारवाला नाशिकला बदलून गेला होता आणि कारखान्याचा वार्षिक कार्यक्रम दहा दिवसांवर होता.

‘रविवारी या, गोकुळभाऊ. जमलं तर स्टेजवर.’

रविवारी कँटीनची टेबलं भिंतीला लावून ते तिघे बसले. गोकुळने पहिला झणका दिला. रसिकाने कीबोर्डवर हात ठेवला आणि काढून घेतला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबले. बोटं बरोबर होती, ताल बरोबर होता, आणि दोघांच्या सुरांत अशी आंबट फट होती की कँटीनवाला चिंधासुद्धा बाहेर येऊन म्हणाला, ‘साहेब, काहीतरी जळून राहिलंय का?’

आशिषने काठ्या मांडीवर ठेवल्या. पुढच्या वर्षी बघू, हे वाक्य त्याच्या तोंडावर आलेलं गोकुळला दिसलं.

रसिकाने मोबाइल गिटारीजवळ धरला. एकेक तार छेडायला लावली. मग सहाही पुन्हा छेडायला लावल्या.

‘दादा, गिटार उत्तम लागलीय. फक्त सगळ्या तारा नेहमीच्या पट्टीपेक्षा सारख्याच खाली आहेत. तुम्ही लावता कशावर?’

‘मशीनवर.’

‘कुठल्या?’

‘सात नंबरच्या. फुल स्पीडला एकच आवाज धरतं ते. पाळी संपली की तोच डोक्यात घेऊन घरी जातो आणि तार लावतो.’

आशिष हसला नाही. सातवर सुरुवातीपासून एकाच जाडीचं सूत निघतं, वेग कधी बदलत नाही, हे त्याला माहीत होतं. ‘पण कॅसेट?’ त्याने विचारलं. ‘कॅसेटशी कसं जुळायचं?’

‘टेपच्या मोटारीला मागे बारीक स्क्रू असतो, साहेब. मी तो थोडा सैल केला. आम्हाला वाटे, टेप पळते जास्त.’ तो थांबला. ‘मोबाइलवर ती गाणी चढी वाटायची. मी म्हणे, हल्लीचे लोक घाई करतात.’

मग त्याला आपणच काय बोललो ते ऐकू आलं. मान खाली गेली. वीस वर्षं त्याने साऱ्या जगाला सात नंबरपाशी आणून बसवलं होतं, आणि जगाला पत्ता नव्हता.

रसिका म्हणाली, ‘कीबोर्ड खाली आणता येतो. दोन बटणं.’ आणि तिने आणला.

त्यांनी वाजवलं. पूर्ण गाणं वाजवलं. आंबटपणा गेला. गोकुळने मागे वळून ड्रमकडे दोनदा पाहिलं.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, ‘मॅडम, आता परत वर करा.’

‘अहो, राहू दे की. छान झालं.’

‘छानच झालं. पण एका माणसापायी सगळ्यांनी का खाली यायचं? मी येतो वर. आठ दिवस आहेत.’

आठ दिवस त्याचे कान त्याच्याशी भांडले. घरी सरिताला तो चिडका वाटला. ‘जेवण खारट नाहीये, तुम्ही खारट आहात,’ ती म्हणाली. कामावर तो सातजवळ कानात कापूस घालून उभा राहू लागला. सुपरवायझर म्हणाला, एवढ्या वर्षांनी नियम पाळतोस, बरा आहेस ना?

कार्यक्रमाच्या दिवशी सरिता तिसऱ्या रांगेत बसली होती. गाणं तिला नेहमीसारखंच आरडाओरड वाटलं. दोन ठिकाणी तो चुकला, असं तोच नंतर म्हणाला. तिने वेगळंच पाहिलं. घरी वाजवताना हा माणूस डोळे घट्ट मिटून घेतो. इथे त्याचे डोळे उघडे होते, आणि तो सारखा त्या दोघांकडे बघत होता.