धाकटीच्या हातचे मांडे

जळावं कसं, ते माझ्याकडून शिकावं. मी ते लपवतही नाही. धाकट्या जावेचं कुणी कौतुक केलं की माझ्या तोंडचा चहा कडू होतो, आणि गेली काही वर्षं तिचं कौतुक फारच होतंय.

आमच्या घरात लग्नाचे मांडे मी करायचे. सैल तिंबलेली कणीक, पोटात पुरण, आणि दोन्ही हातांवर झेलत झेलत ते परातीएवढं मोठं आणि पातळ करायचं, मग चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायचं. हात भाजतात, खांदे भरून येतात, आणि एक फाटला तर बायका दहा वर्षं आठवण काढतात. पण पंगतीत कुणी विचारलं की मांडे कोणी केले, तर सासूबाई माझ्याकडे बोट करायच्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. त्या बोटासाठी मी धुळ्याहून आदल्या दिवशीच गावी जाऊन चुलीपुढे बसायचे.

धाकटी गावात अक्कांजवळच राहते. लग्न होऊन आली तेव्हा हिला साधी पोळी गोल येत नव्हती. मग अक्कांनी शिकवलं, हिनं हात बसवला, आणि बघता बघता गल्लीतल्या बायका सांगायला लागल्या, की धाकलीचा मांडा तोंडात विरघळतो. विरघळतो म्हणे! मी तिच्या हातचा कधी पुरता खाल्लाच नव्हता. दरवेळी एक तुकडा मोडायचा, पोट भरलंय म्हणायचं आणि ताट सरकवायचं. गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. मांडे कोण करणार, असं मी हसत हसतच विचारलं, तर अक्का म्हणाल्या, बघू. त्या एका 'बघू'नं माझा जीव जळून खाक झाला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली, की गावची यात्रा असते. धाकटीच्या बचत गटानं तिथं दुकान मांडलं आणि वर फलक लावला: तीन मांडे आणि वाडगाभर रस एका बैठकीत संपवा, स्टीलची कळशी घेऊन जा. गंमत अशी, की घडी घालून ताटात ठेवलेला मांडा दिसतो एवढासा. बाहेरगावचे लोक त्या घडीलाच फसतात. धुळ्याच्या कॉलेजातली धट्टीकट्टी पोरं मिशीवर ताव देत बसली आणि दीड मांड्यात पाणी मागत उठली. दुकानापुढे ही गर्दी, आणि मध्ये खापरापुढे घामाघूम झालेली धाकटी, नव्या नवरीसारखी लाजत होती. अक्का बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला बघवेना.

मग मी पुढे झाले आणि म्हटलं, मी बसते.

मला कळशी नको होती. माझ्या घरात तीन आहेत. मला एक मांडा कसाबसा खाऊन हात धुवायचे होते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं होतं, की कड कच्ची आहे गं, घशाखाली उतरत नाही. अक्कांच्या समोर, भर यात्रेत. लग्नाचे मांडे आपोआप माझ्याकडे आले असते. धाकटीच्या हातचं जेवायचंच नव्हतं म्हणून निघताना मी पोटभर खिचडी खाऊन आले होते.

पहिल्या मांड्यात मी खोट शोधत होते. कड मोडून बघितली, शिजलेली. पुरणात गुठळी नाही. कुठं जळलेलं नाही, कुठं फाटलेलं नाही. वेलदोडा मी टाकते त्यापेक्षा जरा कमीच, आणि तेच बरं लागत होतं, हे मला आत्ताही लिहवत नाही. तो संपला. आता उठावं म्हटलं, तर यात्रा कमिटीच्या भाऊंनी माइकवरून सांगितलं, की मोठ्या वहिनी बसल्यात, पण शहराचं पोट ते, दुसऱ्यातच उठतील. लोक हसले. धाकटीही पदर तोंडाला लावून हसली.

झालं! माझं डोकं फिरलं. हिच्यापुढे मी हरायचं? दुसरा खाल्ला. तिसऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी आली, ब्लाऊज काचायला लागलं, सकाळची खिचडी छातीशी येऊन बसली. तरी मी रसात बुडवून बुडवून तो संपवला आणि वाडगा पालथा घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकले.

धाकटी हात पुसत आली. तिचा चेहरा उतरला होता. हळूच म्हणाली, "ताई, खरं सांगा, कड कच्ची नव्हती ना? तुम्ही माझ्या हातचं कधी खात नाही."

ओठांवर आलेलं वाक्य मी बोलणार होते, पण समोर माझंच चाटूनपुसून लख्ख केलेलं ताट होतं. अक्का खुर्चीतून उठल्या, ताटात डोकावल्या, कणही उरला नाही हे पाहिलं आणि म्हणाल्या, "बठ्ठं खादं ना? मंग लगीनना मांडा धाकलीच करी."

कळशी माझ्या हातात होती आणि लग्नाचे मांडे गेले होते.

लग्नात मला पुरण वाटायला बसवलं. मांड्यांभोवती ही गर्दी, आणि धाकटी येईल त्याला अभिमानानं सांगत होती, की आमच्या ताईंनी एका बैठकीत तीन खाल्ले. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे जास्त लागत होतं. पंगतीला बसले तर व्याह्यांकडची एक बाई वाकून विचारते, त्या तुम्हीच का? मी हो म्हटलं. तिनं कौतुकानं एक आख्खा मांडा माझ्या ताटात वाढला, वरून तूप सोडलं आणि बघत उभी राहिली.

मी खाल्ला. मेला तोही चांगलाच झाला होता.