आमची फायरवाली

कुणाच्याही घरी गेली तरी ती आधी बेल वाजवायची नाही. आधी बिल्डिंगला एक प्रदक्षिणा घालायची. आमच्याकडे पहिल्यांदा हळदीकुंकवाला आली तेव्हा मी खिडकीतून बघत होते. अंगावर आईची जुनी पैठणी, पायात बर्फातले जाडजूड बूट, आणि मान वर करून ही बाई आमच्या बाल्कन्या न्याहाळत चालली आहे. दार सापडत नसेल म्हणून मी खिडकी उघडून हाक मारली. तर खालून म्हणाली, "सापडलंय काकू. दुसरं शोधतेय."

वर आल्यावर कुंकू लावून घ्यायच्या आधी तिने आमच्या बाल्कनीचं दार ओढून पाहिलं. ते उघडेना, कारण मी त्याला लावून तांदळाच्या पिशव्या रचल्या होत्या. "काकू, आम्ही शिडी इथेच लावणार ना? मग तुम्ही बाहेर कशा येणार?" मी म्हटलं, "अगं, सणासुदीला काय अभद्र बोलतेस!" ती हसली. पदर खोचून तिने त्या सगळ्या पिशव्या उचलल्या आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या.

ती आमच्या गावच्या फायर डिपार्टमेंटमध्ये कॅप्टन होती. गाव म्हणजे श्रूजबरीच्या पुढे, मॅसेच्युसेट्समधलं एक लहानसं गाव. नाव सांगत नाही. तिचा जन्म इथलाच. तिचे आईवडील इथे आले तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. मुलगी डॉक्टर व्हावी, निदान फार्मसिस्ट तरी, एवढीच त्यांची माफक अपेक्षा. मुलीने कॉलेज पुरं केलं आणि फायर अकादमीत नाव घातलं. तिची आई इथल्या मराठी मंडळात शेवटपर्यंत सांगायची, "गव्हर्न्मेंटमध्ये आहे ती." तसं ते खोटं नव्हतं.

माझी ओळख झाली तोवर आई आणि वडील दोघंही गेले होते. आमच्या कॉम्प्लेक्सपासून तीन गल्ल्या सोडून त्यांच्या घरात ती एकटी राहायची. भावंडं नाहीत, लग्न केलं नव्हतं. भारतातले नातेवाईक तिला फोटोवरूनच माहीत. गणपती, दिवाळी, संक्रांत, जे काही असेल त्याला ती मंडळात यायची आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायची. तिचं मराठी मोडकंतोडकं होतं, पण ती ते नेटाने बोलायची. आमच्याशिवाय तिला कुणी नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं, आणि तिलाही.

मंडळातले पुरुष तिला विचारायचे, "भीती नाही वाटत?" बायका विचारायच्या, "लग्नाचं काय ठरवलंस?" तिसरा प्रश्न कुणालाच सुचायचा नाही. पण अमेरिकन पाहुणा दिसला की आम्ही तिला हाताला धरून पुढे आणायचो. "ही आमची फायरवाली."

आता तुम्हीही इकडे राहिला असाल तर स्मोक अलार्मचा छळ तुम्हाला ठाऊक असेल. मिरचीची फोडणी पडली की तो छतावरून कोकलायला लागायचा. त्यावर घरोघरी उपाय होते. कुणी त्याला आंघोळीची प्लास्टिकची टोपी घाली, कुणी सेलच काढून ठेवी. आमचे हे टॉवेल घेऊन अलार्मखाली उभे राहायचे आणि मी भाजी परतून होईपर्यंत वारा घालायचे. तिला हे कळलं त्या वर्षी संक्रांतीला तिने आपल्या घरी हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून अलार्मचे चौकोनी सेल लुटले. बायका पदराआड हसल्या. नंतर ती घरोघर फिरली आणि खुर्चीवर चढून ते सेल स्वतःच्या हाताने बसवून आली. "मिरची घाला काकू, मला आवडते. पण हे बंद नका करू."

बर्फ पडला की ती आधी रस्त्याकडेचे पाण्याचे नळखांब उकरून काढायची, ज्यांना फायरवाले नळी जोडतात ते. सुट्टी असली तरी. तिची स्वतःची गाडी मात्र दुपारपर्यंत बर्फाखाली. तिची आई असती तर म्हणाली असती, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय.

एकदा ती माझ्याकडे जेवायला आली असताना मी तो तिसरा प्रश्न विचारला. "आग लागली की आत पहिली तूच जातेस का गं?"

"नाही. आता मी बाहेर राहते." वरणभातावर तूप वाढून घेत ती म्हणाली. "कुणीतरी बाहेर उभं राहून पूर्ण बिल्डिंग बघायला लागते. आतल्याला फक्त त्याच्यासमोरचा धूर दिसतो. आत जाताना प्रत्येक जण आपल्या नावाची पट्टी मला देतो. बाहेर आला की परत घेतो. माझ्या हातात पट्टी राहिली, म्हणजे माणूस आत राहिला."

"मग बरंय की. सुरक्षित काम."

"आत जाणं इझी होतं काकू," ती म्हणाली. "कॅप्टन झाल्यापासून मी स्टेशनवर टेबलवर जेवायला गेले की मुलं गप्प होतात. मी उद्या त्यांना कुठे पाठवीन, ते त्यांच्या डोक्यात असतं." आणि मग तिने आणखी थोडा भात मागितला.

मग ती फेब्रुवारीतली दुपार आली.

आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर मंदार आणि त्याची बायको राहायचे. नागपूरहून त्याचे आईवडील सहा महिन्यांसाठी आले होते. मुलगा-सून ऑफिसात. आजोबा जेवून झोपले की आजी माझ्याकडे गप्पा मारायला यायच्या. त्या दुपारी त्या माझ्याकडेच होत्या. तळमजल्यावरच्या कुणाची तरी बाल्कनीत टाकलेली सिगरेट पेटती राहिली. आमच्या बिल्डिंगी म्हणजे आत लाकूड आणि बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या. आम्हाला धूर दिसला तोवर ज्वाळा भिंतीवरून चढून छपराला लागल्या होत्या.

आम्ही खाली धावलो. आजी घरातल्या सपातांनिशी बर्फात. गाड्या आल्याच होत्या आणि ती उतरून बिल्डिंगच्या मागे निघाली होती. आजींना पाहून थांबली.

"आजी, आत कोण आहे?"

"आमचे हे. झोपले आहेत गं!"

"कुठली खोली?"

"मागची. अगदी मागची."

तिने दोन जणांना काहीतरी सांगितलं. त्यांनी आपापल्या पट्ट्या तिच्या हातात दिल्या, तोंडावर मास्क ओढले आणि ते आत गेले. ती मागून फेरी मारून आली आणि मध्येच थांबून छपराकडे बघायला लागली. आम्हीही पाहिलं. मला काही वेगळं दिसलं नाही. ते छप्पर सगळ्या घरांवरून सलग जाणारं, आतून पोकळ, बारीक लाकडांवर तोललेलं होतं, आणि पोकळीत आग शिरली की ते एकदम बसतं, हे मला नंतर कळलं. तिला ते मधोमध किंचित वाकलेलं दिसलं असावं. तिने रेडिओ तोंडाशी नेला, आणि सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजायला लागले.

"हे कशापायी?" आजींनी विचारलं. मला माहीत नव्हतं. ती आतल्यांना परत बोलावायची खूण होती. धुरातून ते दोघे बाहेर आले. दोघेच. आजी त्यांच्या मागे बघत राहिल्या.

त्यातल्या एकाने मास्क काढला आणि तो तिच्यावर ओरडला. ते पॅसेजपर्यंत पोचले होते, एकच खोली राहिली होती. तो परत वळला तशी तिने त्याच्या कोटाला मागून धरलं. दोन्ही हातांनी. तो ओढत होता आणि ती सोडत नव्हती. तेवढ्यात छप्पर बसलं. फार मोठा आवाज झाला नाही, वरून गादी टाकावी तसा झाला. मग तिने हात सोडला आणि त्या दोघांना त्यांच्या पट्ट्या परत दिल्या.

आजोबांच्या अंत्यविधीला ती आली होती, युनिफॉर्ममध्ये. मंदारने सगळ्यांसमोर तिला विचारलं, "तुम्ही त्यांना परत का बोलावलंत? एकच खोली राहिली होती."

"हो," ती म्हणाली. "एकच राहिली होती."

एवढंच. छपराबद्दल एक अक्षर नाही. डिपार्टमेंटने रीतसर चौकशी केली आणि तिचा निर्णय बरोबर ठरवला. मंडळाने चौकशी केली नाही, पण निकाल लावला. अमेरिकन पोरं वाचवली आणि आपला माणूस सोडला, असं लोक उघड बोलायला लागले. ज्यांच्या घरी तिने खुर्चीवर चढून सेल लावले होते, तेही.

मंदारला आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये दुसरं घर मिळालं. दोन आठवड्यांनी आजी मला म्हणाल्या, "त्या पोरीला बोलाव. मला बोलायचं आहे." मी तिला माझ्याकडे बोलावलं. आजींचं भरभर नागपुरी तिला नीट कळायचं नाही, म्हणून मी मध्ये बसले. मला वाटलं, आजी आता तिला बोलणार. मी मनातल्या मनात तिची बाजू मांडायला शब्द जुळवत होते.

आजी म्हणाल्या, "तू आमच्याकडे लावलेला सेल मी काढला होता बाप्पा. सकाळी वांग्याला फोडणी दिली तर ते बोंबलून राहिलं होतं. यांना त्रास नको म्हणून काढला आणि ओट्यावर ठेवला. मग लावायचाच राहिला."

मी ते तिला पुन्हा सोपं करून सांगायला लागले, पण तिला कळलं होतं. ती आजींच्या जवळ सरकली. मग विचारलं, "आजी, आजोबांच्या कानात मशीन होतं?"

"झोपताना काढून ठेवत."

"मग ते वाजलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं." तिने आजींचे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळे नाही झालं. हे मंदारला सांगू नका. कुणालाच नका सांगू. काकू, तुम्ही पण." आजी रडल्या, मग डोळे पुसून तिच्यासाठी चहा करायला स्वतः उठल्या.

ती जायला निघाली तेव्हा मी जिन्यात तिला गाठलं. "खरं सांग. ऐकू आलं नसतं?"

ती बुटाची नाडी बांधत होती. "त्यांना नसतं आलं, काकू. बाजूच्यांना आलं असतं. त्यांनी दार वाजवलं असतं. मे बी. आय डोन्ट नो."

"अगं, मग निदान लोकांना कळू दे! सगळे तुझ्या नावाने बोटं मोडतायत."

"आजींना रोज फोडणी घालायचीय, काकू," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मला तिचा भयंकर राग आला. एवढं मोठं मन कुणी सांगितलं होतं करायला? मंडळाच्या पुढच्याच कार्यक्रमात उभं राहून सगळं सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. पण तिने नको म्हटलं होतं, आणि समोर आजी बसलेल्या असायच्या. त्या पुन्हा थोडंफार जेवायला लागल्या होत्या, सुनेला भाज्या शिकवायला लागल्या होत्या. मी गप्प राहिले. दाराजवळच्या खुर्चीवर आता लोक कोट टाकायचे.

पुढच्या दिवाळीला मी तिला आवर्जून बोलावलं. ड्यूटी आहे म्हणाली. संक्रांतीलाही ड्यूटी होती. मग एक दिवस तिच्या घरापुढे विक्रीची पाटी दिसली. अमेरिकेच्या दक्षिणेत कुठेतरी, एका अकादमीत नव्या मुलांना शिकवायला चालले, असं तिने मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, जायच्या आधी जेवायला ये. "नक्की काकू," ती म्हणाली. आली नाही. पहिल्या दिवाळीला तिचा फोन आला, दुसऱ्या दिवाळीला मी केला. ती बरी होती. तिथे कुणी मराठी आहे का, असं मी विचारलं, तर हसून म्हणाली, "शोधलं नाही."

आजी मधल्या काळात नागपूरला परतल्या होत्या. काही वर्षांनी त्या तिकडेच वारल्या. मंदार तिकडे जाऊन सगळं आटोपून आला आणि एका रविवारी सकाळी माझ्या दारात उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"काकू, आईने जाण्यापूर्वी मला सेलचं सांगितलं. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि फायरवालीने तुम्हाला बोलू दिलं नाही."

"नाही."

"तिचा नंबर आहे तुमच्याकडे?"

मी लावून दिला. उचलणारा माणूस दुसराच निघाला. असं कुणी इथे नाही म्हणाला, तेही सभ्यपणे. मग मंदारने त्या अकादमीचा नंबर शोधून काढला. त्यांनी सांगितलं, ती सोडून गेली. कुठे गेली, त्यांना ठाऊक नव्हतं. तिच्या जुन्या फायर स्टेशनवरही कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा कुठे तो बसला. फोन हातात तसाच. मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं, ते त्याने घेतलं नाही.

"काकू," तो म्हणाला, "दिवाळीला वगैरे ती आता कुणाकडे जात असेल?"