मी साहेबांना सांगितलं, पैसे मिळत नाहीत!

सांगायला तोंड नाही, तरी सांगते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये नको!

आयटीआय झाल्यावर मी इथेच, म्हैसूरला, जाधवमामांच्या छापखान्यात बाइंडिंगची अप्रेंटिस होते. एक वर्षासाठी. अप्रेंटिसला दरमहा स्टायपेंड द्यायचा असा कायदाच आहे, आणि मामा एक तारखेला न मागता द्यायचे. शिवाय दुपारचं जेवण मामींकडे. सख्खी भाची असते तरी एवढे लाड झाले नसते!

त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाचा फीमाफीचा अर्ज सरकारात पडला होता. घरात येतं किती, याची चौकशी व्हायची होती. आईनं मला बजावलं, "कुणी विचारलं तर सांग, अप्पांच्या पगाराशिवाय दमडी येत नाही. कळलं की नाही?"

आणि एका दुपारी फाइल घेतलेले एक साहेब थेट माझ्या टेबलापाशी!

"नोडम्मा, हे बघ, सरकारकडून आलोय. तुझीच चौकशी आहे. इथं पैसे मिळतात?"

झालं! भावाची शाळा माझ्या डोळ्यांपुढे आली.

"छे हो सार! एक पैसा नाही."

"अकरा महिने?"

"सुम्मने करते, सार. फुकट."

साहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, माझी गरिबी बघून कळवळले. मग काय, मला चेवच चढला!

"येतेस कशी?"

"पार बन्नीमंटपाहून चालत, सार." (मामांनी दिलेली सायकल बाहेर उभी होती हो!)

"आणि जेवण?"

"पाणी पिते."

तेवढ्यात आतून मामी आल्या. "पोरी, ये की जेवायला. बिसीबेळे भात निवतोय. तूप अजून वाढू काय?"

मागोमाग मामा. साहेब त्यांच्यावर कडाडले, "अप्रेंटिसला स्टायपेंड देत नाही? केस होईल तुमच्यावर!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे फीमाफीचे साहेब नव्हतेच, अप्रेंटिसांना स्टायपेंड मिळतो की नाही ते तपासणारे होते!

मामांनी स्टायपेंडचं रजिस्टर उघडलं. अकरा सह्या, सगळ्या माझ्या. "अय्यो, काय केलंस गं हे?" एवढंच म्हणाले. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं!

मी रडत सगळं कबूल केलं. साहेबांनी फाइलीत लिहून घेतलेला माझा जबाब फाडला, मला झाडलं आणि गेले. मामींनी तरीही ताट वाढलं. तो भात मी कसा गिळला, माझं मला ठाऊक. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

आणि भावाची फी? कुणी चौकशीला आलंच नाही, तशीच माफ झाली!

पुढच्या एक तारखेला मामांनी यंत्रं थांबवली, सगळ्या कामगारांना गोळा केलं आणि माझ्या हातात पाकीट ठेवलं.

"मिळाले काय?"

"मिळाले, मामा."

"अगं, रस्त्यापर्यंत जाऊ दे आवाज!"

"मिळाले, मामाऽऽ!"

गेला आवाज. चांगला दूरवर गेला. आता माझे केस पिकलेत, पण त्या रस्त्यावर मला कुणी नावानं ओळखत नाही. परवा सुनेला घेऊन गेले, तर पानवाला माझ्याकडे बोट दाखवून तिला कौतुकानं विचारतो, "तुम्ही ह्या 'मिळाले मामां'च्या घरच्या काय?"