फारेचा पाढा

नव्वदीतली गोष्ट. गिरगावातून लांबच्या उपनगरात, गोडदेवला राहायला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं, आणि हे ज्या हॉटेलात रूमबॉय होते ते महिनाअखेरीला बंद होणार होतं. इटालियन जहाजावर केबिन आवरायची नोकरी, एवढी एकच आशा होती. इंटरव्ह्यू सोमवारी. एजंटाने झेरॉक्सचा एक कागद दिला होता. इटालियनमधल्या 'फारे', म्हणजे 'करणे', या एकाच क्रियापदाचे रोजच्या बोलण्यातले बारा उपयोग, समोर इंग्रजी अर्थ. "एवढं पाठ करा, बाकी मी बघतो," म्हणाला.

ह्यांचं पाठांतर म्हणजे आनंदीआनंद. मग मीच कंबर कसली. कागदाचा पाढा केला आणि पोळ्या लाटता लाटता ह्यांच्याकडून म्हणून घ्यायला लागले. फारे कोलात्सिओने, हॅव ब्रेकफास्ट. फारे ला दोच्चा, टेक अ शॉवर. फारे ला स्पेझा, डू द शॉपिंग. इटालियन माणसाचं सगळीकडे फारेवर भागतं, इंग्रज मेला दर वेळी नवीन शब्द काढतो. रविवारी हे मधूनच म्हणाले, "फारे इल लेत्तो, मेक द बेड." मी लाटणं आपटलं.

"मध्येच उडी मारायची नाही. पहिल्यापासून म्हणा."

माझा जीव टांगणीला लागला होता आणि राग निघत होता ह्यांच्यावर.

सोमवारी फोर्टातल्या त्या ऑफिसबाहेर मी बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. साहेबाने विचारलं, "मेक द बेड, इटालियनमध्ये काय?" ते पाढ्यातलं सातवं होतं. मग ह्यांचा आवाज आला, आमच्या स्वयंपाकघरातल्याच चालीत, "फारे कोलात्सिओने, हॅव ब्रेकफास्ट..." कुणीतरी हसलं. हे थांबले नाहीत, सातव्यापर्यंत पोचले. साहेबाने मग बारावं विचारलं, शेवटचं. फारे पाउरा, म्हणजे भीती घालणे. ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्यावर साहेब म्हणाला, "थँक यू, जा तुम्ही."

घरी आलो. दार लावलं आणि मी फाडकन म्हणाले, "काल तर मधूनच येत होतं. आज काय धाड भरली होती?"

ह्यांनी बूट काढून जागच्या जागी ठेवले.

"येत होतं गं. पण तू दाराबाहेर बसली होतीस. म्हटलं, उडी मारली तर ओरडशील."

हे हसत होते. मला मात्र तिथेच रडू फुटलं.